नववीतल्या मुलाशी एकट्यानं बोलताना

“याचं अभ्यासात लक्षच नाही हो. आठवीपर्यंत किती छान होता, नववीत काय झालं कोण जाणे!” शाळेतल्या समुपदेशकासमोर पालक बसले की बोलण्याची सुरुवात बहुधा अशी होते. तोपर्यंत घरचे सगळे उपाय करून झालेले असतात. मोबाइल काढून घेतलेला असतो, दुसरा क्लास लावलेला असतो, मामाकडून समजावून झालेलं असतं, शेजारच्या मुलीचे मार्क ऐकवून झालेले असतात, दहावीला नव्वद टक्के पडले तर गाडी घेऊन देण्याचं कबूलही झालेलं असतं. शाळेनंही एखाद्या वक्त्याचं प्रेरणादायी व्याख्यान ठेवलेलं असतं. व्याख्यान ऐकून मुलं खरोखर भारावतात, त्याच संध्याकाळी वेळापत्रक लिहून भिंतीवर चिकटवतात आणि आठवडाभरात त्या कागदाकडे बघणंही सोडून देतात.

या सगळ्या उपायांच्या मुळाशी एक समजूत आहे. प्रेरणा मुलात कमी पडली आहे आणि ती कुणीतरी बाहेरून भरायची आहे, अशी ती समजूत. गेल्या पन्नास वर्षांतल्या मानसशास्त्रानं ती टिकू दिलेली नाही. एका वर्गातल्या पाच मुलांनी अभ्यास सोडला असेल तर त्यामागे पाच वेगळी कारणं असू शकतात. ती कारणं सभागृहात बोलून सापडत नाहीत. कुणीतरी एकेका मुलाजवळ बसावं लागतं. वैयक्तिक समुपदेशन म्हणजे हे बसणं, आणि ते नीट करण्यासाठी लागणारं शास्त्र.

हे सगळं नववीच्या आसपासच का उफाळून येतं? एक कारण व्यवस्थेत आहे. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवायचं नाही असं ठरवलं. पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी परीक्षेची तरतूद केली. तरीही बऱ्याच मुलांना आपण नापास होऊ शकतो याची पहिली खरी जाणीव नववीतच होते. दुसरं कारण वयात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एक्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक विसंगती नेमकेपणानं मांडली. या वयात मुलाला स्वतःच्या निर्णयांवर अधिक हक्क हवा असतो, पण शाळा त्याच वेळी नियम आवळते. त्याला घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाशी जवळीक हवी असते, पण त्याच वेळी वर्गशिक्षक जाऊन तासातासाला बदलणारे विषयशिक्षक येतात. समवयस्कांपुढे आपण कसे दिसतो याची त्याला सर्वांत जास्त काळजी असते आणि नेमकं त्याच वेळी भर वर्गात मार्क वाचून दाखवले जातात. एक्लस यांचं निरीक्षण अमेरिकेतल्या शाळांचं आहे, पण आपल्या माध्यमिक शाळेत शिकलेल्या कुणालाही ते परकं वाटणार नाही.

गाडीचं आमिष का फसतं, याचं उत्तरही प्रयोगांतून मिळालेलं आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. कोडी मुळात मजेदार होती. काही विद्यार्थ्यांना मधल्या टप्प्यात प्रत्येक सुटलेल्या कोड्यासाठी एक डॉलर दिला गेला. पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात कोण आपणहून कोडी हातात घेतं हे पाहिलं, तेव्हा पैसे मिळालेल्यांचा ओढा कमी झालेला दिसला. दोन वर्षांनी मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्र काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढच्या काही दिवसांत रंगांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांच्या आवडीला धक्का लागला नाही. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यावरून पुढे जो सिद्धांत उभा केला, त्यात माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितल्या आहेत: आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटणं, आणि कुणाशी तरी आपलं नातं असणं. अभ्यास सोडून बसलेल्या मुलाशी बोलताना या तिन्हींपैकी काय हरवलं आहे ते बघावं लागतं. बक्षीस कधीच देऊ नये असा याचा अर्थ मी घेत नाही. पण ज्याचं भागाकारावर अडलं आहे, त्याला गाडीचं आमिष दाखवल्यानं भागाकार येत नाही, एवढं तर उघड आहे.

यावरून एका गोष्टीकडे यायला हवं. समुपदेशकानं मनाकडे वळण्याआधी शरीराकडे आणि पाटीकडे बघायला हवं.

शरीरात पहिले येतात डोळे. नववी-दहावीपर्यंत काहींच्या चष्म्याचा नंबर वाढलेला असतो आणि मागच्या बाकावरच्या मुलाला फळा धूसर दिसत असतो. त्याला मात्र सगळ्यांनाच असं दिसतं असं वाटत असतं. मग रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तिसऱ्या तासाला डोकं बाकावर टेकवणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्याआधी तिला शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते का, आणि मिळाली तर ती गिळते की खिडकीबाहेर टाकते, हे विचारायला हवं. मग झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि मेरी कार्स्कॅडन यांच्या संशोधनानं दाखवलं आहे की या वयात झोप येण्याची वेळच शरीरातून पुढे सरकते. सकाळी सातच्या शाळेत पेंगणारा मुलगा रात्री मोबाइलवर होता हे खरं असेलही, पण त्याचं शरीरही दहा वाजता झोपायला तयार नव्हतं. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा नऊनंतर भरवायला सांगितलं. माझ्या मते किशोरवयीनांची गरज त्याहून मोठी आहे.

पाटीचं म्हणजे पायाभूत शिक्षणाचं चित्र जास्त काळजीचं आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची चाचणी घेतली गेली. त्यांतल्या सुमारे २५ टक्के जणांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून अधिकांना जमलं नाही. अशी मुलं रोज बीजगणिताच्या तासाला बसतात. अपूर्णांक पाचवीतच सुटलेला असताना समीकरण सोडवायची जिद्द कुठून आणायची? त्यात काहींना अध्ययन अक्षमता असते. त्यांना अक्षरं किंवा अंक ओळखण्यात, लिहिण्यात मुळातूनच अडचण असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तिला मान्यता दिली आहे, आणि प्रमाणपत्र मिळालं तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. मात्र नववीपर्यंत ती कुणाच्या लक्षात आली नसेल, तर त्या मुलानं आठ-नऊ वर्षं ‘ढ’ हे नाव सोसलेलं असतं. त्याला आधी चाचणी हवी असते, आणि तोपर्यंत कुणीतरी त्याला आळशी म्हणणं थांबवायला हवं असतं.

हे सगळं तपासून झाल्यावर उरतं ते मन. त्यातही एक गुंता वारंवार दिसतो, त्याच्याजवळ थोडं थांबायला हवं.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग आज आपल्याला क्रूर वाटतात. ज्यांना विजेचे धक्के थांबवता येत नव्हते, त्या कुत्र्यांना नंतर सहज सुटका करून घेता येईल अशा जागी ठेवलं, तर त्यांतले बरेचसे तिथंच पडून राहिले. प्रयत्न करून काही उपयोग नाही हे ते ‘शिकले’, असा अर्थ तेव्हा लावला गेला. गणितात लागोपाठ चार चाचण्यांत नापास झालेला मुलगा पाचव्या चाचणीत पेपर कोरा ठेवतो, तेव्हा त्याचं वागणं याच जातीचं असतं. या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. याच दोघांनी जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपला मूळ अर्थ उलटा केला. त्यांचं म्हणणं असं, की दीर्घकाळ त्रास झाला की गळून जाणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते आपल्या कृतीनं काही बदलतं हे. मला हा बदल समुपदेशकासाठी फार मोलाचा वाटतो. हताश मुलाच्या डोक्यातून काही पुसून काढायचं नसतं. ‘मी केलं आणि फरक पडला’ असा अनुभव त्याला पुन्हा पुन्हा मिळवून द्यायचा असतो.

पण सोपी उदाहरणं देऊन सगळी बरोबर यायला लावली म्हणजे झालं का? कॅरल ड्वेक यांनी १९७५ मध्ये हेच तपासलं. अपयश आलं की लगेच कोलमडणारी आठ ते तेरा वयाची बारा मुलं त्यांनी निवडली. निम्म्यांना केवळ यश मिळेल अशी गणितं दिली. उरलेल्यांना अधूनमधून चुकू दिलं, पण चुकल्यावर सांगितलं की इथं प्रयत्न कमी पडला. प्रशिक्षण संपल्यावर खरं अपयश समोर आलं, तेव्हा फक्त यश चाखलेली मुलं पूर्वीसारखीच कोलमडली आणि दुसरी टिकली. बर्नार्ड वायनर यांनी याचा पाया सिद्धांतात मांडला. अपयशाचं कारण मूल कशाला मानतं, ते कारण कायमचं आहे की बदलणारं, आपल्या हातातलं आहे की हाताबाहेरचं, यावर पुढचा प्रयत्न होतो की नाही हे ठरतं. ‘माझं डोकंच नाही गणिताचं’ हे कारण कायमचं आणि हाताबाहेरचं आहे. ‘माझा अपूर्णांक कच्चा आहे’ हे बदलता येणारं आहे. समुपदेशनाच्या खोलीत पहिल्या वाक्यापासून दुसऱ्या वाक्यापर्यंतचा प्रवास व्हायला कित्येक भेटी लागतात. त्यासाठी दुसरं वाक्य खरं असावं लागतं. अपूर्णांक खरोखर कच्चा आहे हे कुणीतरी वही उघडून पाहिलेलं असावं लागतं. ‘तू हुशार आहेस, फक्त मेहनत कर’ असं मोघम सांगणं मुलाला बरोबर कळतं आणि दुखतंही, कारण त्यानं मेहनत करून पाहिलेली असते.

आता खोलीत जाऊ. समुपदेशनाचं व्याकरण ज्यांनी घालून दिलं त्या कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये लिहिलं होतं, की समोरच्या माणसात बदल व्हायचा असेल तर समुपदेशकाकडे तीन गोष्टी हव्यात. त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, अट न घालता त्याला मान देणं आणि स्वतः आतबाहेर एक असणं. शाळेत यातली दुसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण शाळेत मुलाला मिळणारा मान मार्कांवर बेतलेला असतो.

पहिल्या भेटीत मूल बहुधा स्वतःहून आलेलं नसतं, पाठवलेलं असतं. म्हणून चांगला समुपदेशक सुरुवात गुपिताच्या अटींपासून करतो. “तू इथं जे बोलशील ते मी घरी किंवा वर्गशिक्षकांना सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला पुढे सांगावंच लागेल. सांगण्याआधी तुला सांगेन.” हा अपवाद सौजन्याचा नाही, कायद्याचा आहे, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. या मर्यादा आधीच न सांगता ‘मला सगळं सांग’ म्हणणं मुलाची फसवणूक ठरते.

त्यानंतर बोलणं अभ्यासावर येतंच, पण घाई करायची नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारू सोडू न शकणाऱ्या माणसांशी बोलण्याची एक पद्धत मांडली, आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर तिची रीतसर मांडणी केली. तिचा गाभा असा. बदलावं की न बदलावं अशा दुविधेत असलेल्या माणसासमोर तुम्ही बदलाची बाजू मांडलीत, की तो आपोआप दुसरी बाजू मांडू लागतो. आणि माणसाचा विश्वास बसतो तो स्वतःच्या तोंडून निघालेल्या कारणांवर. म्हणून बदलाची कारणं त्याच्याकडून यायला हवीत. ही पद्धत आता व्यसनांपुरती राहिलेली नाही, शाळांतही वापरली जाते. नववीतला एक मुलगा समोर आहे अशी कल्पना करू.

“शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे खूप. गणित जमायला हवं असं तुला किती वाटतं?”

“तीन.”

इथं जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या तोंडून निघतं, “तीनच?” आणि मूल लगेच गणिताची निरुपयोगिता सिद्ध करायला बसतं. समुपदेशक उलटं विचारतो.

“तीन. मग एक का नाही सांगितलंस?”

मुलगा थांबतो. “म्हणजे… आयटीआयला जायचं म्हटलं तरी लागतंच ना थोडं. दादा वर्कशॉपला आहे, तो म्हणतो मापं काढता आली पाहिजेत.”

“म्हणजे गणित नकोसं वाटतं, पण त्याच्यामुळे पुढं अडू नये असंही वाटतं.”

“हो. तेवढंच.”

‘तेवढंच’ हे समुपदेशकासाठी भरपूर आहे. आयटीआय, दादा, मापं ही कारणं त्याची स्वतःची आहेत. गणित आयुष्यात किती उपयोगी आहे यावर त्याला वीस मिनिटं भाषण दिलं असतं, तर त्यानं मान डोलावली असती आणि उठून गेला असता. हुलेमन आणि हॅराकिएविझ यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास इथं आठवतो. अमेरिकेतल्या २६२ शाळकरी विद्यार्थ्यांपैकी काहींना विज्ञानाच्या धड्याचा आपल्या आयुष्याशी काय संबंध आहे हे लिहायला सांगितलं, तर इतरांना नुसता सारांश लिहायला दिला. आपल्याला काही जमणार नाही अशी ज्यांची आधीपासून धारणा होती, त्या विद्यार्थ्यांची आवड आणि गुण दोन्ही संबंध लिहिल्यानं वाढले. तो संबंध विद्यार्थ्यांनी स्वतः शोधलेला होता.

संभाषण इथवर आलं की पाऊल ठरवायचं. मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांनी १९७७ मध्ये सांगितलं, की ‘मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो आणि त्यांत सर्वांत भक्कम वाट प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवाची. दुसऱ्याला जमताना पाहणं, कुणीतरी धीर देणं आणि शरीर-मन शांत असणं या बाकीच्या तीन. म्हणून पाऊल इतकं लहान हवं, की ते चुकण्यापेक्षा घडणंच सोपं व्हावं. ‘उद्यापासून रोज तीन तास’ हा निश्चय समुपदेशकानं मान्यच करू नये. तो मोडला की मुलाच्या हाती अपयशाचा आणखी एक पुरावा येतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासांवरून असं दिसतं, की कधी आणि कुठे हे आधीच ठरवून ठेवलेला निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा पुष्कळ अधिक वेळा पार पडतो. “डेअरीला दूध घालून आलो की ओट्यावर बसून अपूर्णांकाची दोन उदाहरणं सोडवीन” हे असं वाक्य आहे. ते मुलानं सांगावं, मुलानंच लिहावं. पुढच्या भेटीत ते झालं नसेल तर चौकशी ओट्याची करायची, मुलाच्या चारित्र्याची नाही. कदाचित त्या वेळी ओट्यावर घरातले पाहुणे बसतात. मग वेळ बदलायची. वही मात्र गणिताच्या शिक्षकांनी पाहायची, कारण अपूर्णांक शिकवणं हे समुपदेशकाचं काम नव्हे.

सगळीच मुलं अशी नसतात. नववीतली एक मुलगी धरा. सातवीपर्यंत पहिल्या पाचात, आता वही कोरी. दोन-तीन भेटींनंतर कळतं, घरात स्थळांची बोलणी चालू आहेत. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत आढळलं. या मुलीला अभ्यासाची गोडी लावण्याचे प्रयोग करणं म्हणजे तिला न समजणं. तिचा हिशेब बरोबर आहे: जे पूर्ण होऊ दिलं जाणार नाही, त्यात जीव का गुंतवायचा? इथं समुपदेशकाला खोलीबाहेर पडून आईवडिलांशी, मुख्याध्यापकांशी बोलावं लागतं, मुलींसाठीच्या एसटीच्या मोफत पासापासून वसतिगृहापर्यंत वाटा शोधाव्या लागतात, आणि वेळ आली तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाची मदत घ्यावी लागते.

आणि काही मुलं आजारी असतात. ओळखण्याची एक खूण पालकांनीही लक्षात ठेवावी. पुस्तक पाहताच तोंड फिरवणारा पण कबड्डीच्या मैदानावर धावत जाणारा मुलगा वेगळा, आणि ज्यानं मैदानही सोडलं, मित्रही सोडले, जेवण-झोप बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चाललं आहे, तो वेगळा. दुसऱ्याला डॉक्टरांकडे न्यायला हवं. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. मरणाची भाषा एकदाही ऐकू आली तर वाट पाहू नये.

या सगळ्याचा उपयोग होतो का, हे विचारायचा हक्क वाचकाला आहे. आपल्याच देशातले दोन चांगले अभ्यास आहेत, आणि दोन्हींशी गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेचा संबंध आहे. दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या २५१ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात काही जणांना अडचणी सोडवण्याबद्दलच्या पुस्तिका दिल्या. इतरांना त्याच पुस्तिका आणि सोबत समुपदेशकाच्या थोड्या भेटी मिळाल्या. समुपदेशक मानसशास्त्रज्ञ नव्हते. पदवीधर होते आणि त्यांना प्रशिक्षण दिलेलं होतं. अडचण नेमकी ठरव, पर्याय शोध, करून बघ, असा भेटींचा सरळ क्रम होता. २०२० मध्ये निष्कर्ष आले. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी समुपदेशकाच्या गटात अधिक हलक्या झाल्या, पण मानसिक लक्षणांच्या सर्वसाधारण प्रश्नावलीत सहा आठवड्यांनी ठळक फरक दिसला नाही. परिणाम माफक आहे. तरीही छापील सल्ला तोच असताना माणूस समोर बसल्यानं फरक पडला, हे विसरता कामा नये.

दुसरा अभ्यास बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. तिथं वैयक्तिक समुपदेशन हा संपूर्ण शाळेसाठी आखलेल्या कार्यक्रमाचा एक भाग होता. तक्रारपेटी, भित्तिपत्रक, सभा हेही त्यात होतं. काही शाळांत तो कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित व्यक्तीनं चालवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकानं. पहिल्या शाळांत वातावरण सुधारलं, दांडगाई आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. शिक्षकांच्या आस्थेवर शंका घेण्याचं कारण नाही. निवडणूक, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी सांभाळणाऱ्या माणसाला आणखी एक काम दिलं की ते मागे पडतं. शिवाय जो मार्क देतो त्याला आपली भीती सांगायला मूल धजत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की ‘समुपदेशक शिक्षक’ म्हणून एखाद्या शिक्षकाच्या नावापुढे पद जोडल्यानं काम भागत नाही. वेगळा माणूस लागतो.

आणि तो माणूस आला तरी शाळा बदलावी लागते. डेव्हिड येगर यांच्या गटानं अमेरिकेतल्या नववीच्या बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, बुद्धी वाढवता येते हे समजावणारा तासाभराहून कमी वेळाचा संगणकीय पाठ दिला होता. मागे पडलेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांत थोडी, चार-गुणी श्रेणीत ०.१० इतकी, वाढ झाली. जिथं अवघड प्रश्नाला भिडणं सोबत्यांत चांगलं मानलं जात होतं, तिथं ती वाढ अधिक दिसली. समुपदेशकानं खोलीत उभं केलेलं मूल वर्गात पाय ठेवताच ‘आलात का शहाणे’ हे ऐकणार असेल, तर ते पुन्हा बसणारच. त्यामुळे चुकणाऱ्या मुलाला फळ्यापाशी उभं करून हसू नये, मार्क जाहीर वाचू नयेत, हे शिक्षकांशी बोलणं समुपदेशकाच्या कामाचाच भाग आहे. तिथं तो गप्प बसला तर मुलाशी केलेलं सगळं बोलणं वाया जातं.

आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली गेली, ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थांनी समुपदेशनाबद्दल समाजाला बोलतं केलं, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात २०१४ पासून सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी समुपदेशक आले. पण चाचणीचा अहवाल हातात देणं वेगळं आणि त्यावर कुणी मुलाशी बसून बोलणं वेगळं, आणि रुग्णालयापर्यंत ‘अभ्यास होत नाही’ म्हणून कुणी जात नाही. माणूस शाळेतच हवा. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या निकालात सांगितलं आहे, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं.

मुख्याध्यापकांना विनंती आहे, की समुपदेशकाला दार लागेल अशी खोली द्या आणि मुलांना तिथं शिक्षा म्हणून पाठवू नका. भर वर्गात नाव पुकारून तर मुळीच बोलावू नका. पालकांनी मुलाला घरी आल्यावर ‘काय विचारलं तिथं?’ म्हणून खोदू नये. आणि तुमचं मूल ज्या शाळेत जातं तिथं समुपदेशक आहे का, तो आठवड्यातून किती वेळ असतो, आणि मुलं त्याच्याकडे स्वतःहून जाऊ शकतात का, हे प्रश्न पुढच्या पालकसभेत उभं राहून जरूर विचारा.